कशावरून?

अ‍ॅरिझोनातल्या ट्यूबा सिटीत पेट्रोल भरलं तेव्हा माझ्या फोनवर साडेचार वाजले होते. पंपावरून निघालो, चौक ओलांडला, आणि फोनवर साडेतीन झाले. गाडीतल्या मागच्या टेबलाशी पट्टा लावून बसलेल्या लेकीनं आधी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग वाकून माझा फोन पाहिला आणि विचारलं, "आई, मग खरे किती वाजलेत?"

दोन्ही खरे होते. उन्हाळ्यात अमेरिकेतली बहुतेक राज्यं घड्याळ एक तास पुढे करतात. अ‍ॅरिझोना करत नाही. पण अ‍ॅरिझोनाच्या ईशान्येला नवाहो लोकांची जी मोठी भूमी आहे, तिथे घड्याळ पुढे करतात, कारण ती शेजारच्या दोन राज्यांतही पसरलेली आहे. आणि नवाहो भूमीनं वेढलेली जी होपी लोकांची भूमी आहे, तिथे पुन्हा करत नाहीत. ट्यूबा सिटी नवाहोंची, चौकापलीकडचं मोएनकोपी होपींचं. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा नवाहो भूमी लागली आणि गेलेला तास परत आला. लेकीला ही गंमत इतकी आवडली, की तिनं वहीत नकाशा काढून त्यावर तासांच्या रेघा मारल्या.

तो आमच्या प्रवासाचा सातवा दिवस होता, आणि सातही दिवस आम्ही घड्याळंच पाहत होतो. फक्त ती मनगटावरची नव्हती. लोखंडातली होती, लाकडातली होती, दगडातली होती.

प्रवासाचं निमित्त एका पासाचं. अमेरिकेत चौथीत शिकणाऱ्या मुलांना राष्ट्रीय उद्यानांचा मोफत पास मिळतो. मूल बरोबर असलं, की त्याच गाडीतल्या घरच्यांनाही प्रवेश मिळतो. लेकीची चौथी संपली होती आणि पास ऑगस्टअखेर संपणार होता. जूनच्या सुरुवातीला फिनिक्समध्ये एक आरव्ही भाड्यानं घेतली आणि आम्ही दोघी निघालो. नऊ दिवस, सोळाशेच्या आसपास किलोमीटर.

आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. आमची पंचवीस फुटांची होती: चालकाच्या डोक्यावर पलंग, मागे शेगडी, फ्रिज, जेवायचं टेबल आणि कपाटाएवढी मोरी. लिटरला जेमतेम चार किलोमीटर जाणारी. पोटात तीन टाक्या. एक चांगल्या पाण्याची, एक भांडी-अंघोळीच्या सांडपाण्याची, एक संडासाची. प्रत्येक टाकी किती भरली आहे ते दाराजवळच्या छोट्या दिव्यांवर दिसतं. ही पाण्याची पाळत लेकीनं पहिल्याच दिवशी आपल्याकडे घेतली. चांगल्या पाण्याचा एक दिवा विझला, की मोठ्यानं जाहीर करायची. घरी नळाखाली हात धरून गाणं म्हणणारी मुलगी तिसऱ्या दिवशी वाटीभर पाण्यात दात घासत होती. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे मेसा व्हर्डेला हेच दिवे कामी आले.

निघताना तिनं चालकाशेजारच्या कप ठेवायच्या खळग्यात एक काळा गोटा ठेवला. वाईजवळ आमच्या शेताच्या बांधावरचा, आजीनं दिलेला, मुठीत मावणारा. तो का आणला म्हणून विचारलं, तर म्हणाली, "त्यालापण दगड बघू देत."

आणि तिचा एक शब्द ठरलेला आहे. पाऊस येणार म्हटलं की, "कशावरून?" दूध नासलंय म्हटलं की, "कशावरून?" जिथे प्रत्येक फलकावर लाखो-कोटी वर्षांचे आकडे लिहिलेले असतात, अशा मुलखात मी या शब्दाला घेऊन चालले होते. फलकावरचा आकडा वाचून आपण मान डोलावतो आणि पुढे जातो. तिच्याबरोबर तसं जाता येईना. त्यामुळे मलाही उमगलं, की त्या आकड्यांपेक्षा ते कुणी, कसे आणि किती चिकाटीनं मिळवले, ते जास्त थक्क करणारं आहे.

पहिली हाक दिली ती मीटिऑर क्रेटरनं. विन्स्लो गावाच्या पश्चिमेला सपाट, पिवळसर माळ आहे. दुरून एक बुटका उंचवटा दिसतो. त्यावर चढेपर्यंत काही कळत नाही, आणि मग पायापुढची जमीन संपते. सव्वा किलोमीटर रुंद, १७० मीटर खोल वाडगा. साधारण ५० हजार वर्षांपूर्वी ५० मीटरच्या आसपास आकाराचा लोखंड-निकेलचा गोळा सेकंदाला दहा किलोमीटरहून जास्त वेगानं येऊन इथे आदळला.

"कशावरून?"

हा प्रश्न विचारणारी ती पहिली नव्हती. १८९१ साली अमेरिकेतले नामवंत भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी ही जागा तपासली. आकाशातून लोखंड पडलं असेल तर चुंबकसूची वळायला हवी, ती वळली नाही. म्हणून भूगर्भातल्या वाफेच्या स्फोटानं हा खड्डा झाला, असा निष्कर्ष त्यांनी काढला. खाणमालक डॅनियल बॅरिंजर यांना तो पटला नाही. १९०३ साली त्यांनी या जागेवर हक्क नोंदवला आणि आत पुरलेलं लोखंड शोधायला पाव शतक आणि स्वतःची बरीचशी संपत्ती घातली. लोखंडाचा तो डोंगर सापडलाच नाही, कारण आदळताना त्यातलं बहुतेक वितळून आणि वाफ होऊन गेलं होतं. हा हिशेब १९२९ साली कागदावर मांडला गेला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बॅरिंजर वारले. मात्र खड्डा उल्केचा, हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं. १९६० मध्ये यूजीन शूमेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या वालुकाश्मात कोएसाइट हे खनिज दाखवलं. साध्या वाळूतल्या सिलिकावर प्रचंड दाब आला तरच ते तयार होतं, आणि तोवर ते फक्त प्रयोगशाळेत बनवलेलं होतं. ज्वालामुखीच्या वाफेत तेवढा दाब नसतो.

लेकीला आपलं लोणार आठवलं. ते दोन वर्षांपूर्वी पाहिलं होतं. लोणार याहून रुंद, १.८ किलोमीटर, आणि बेसॉल्टच्या कातळात झालेलं, त्यामुळे जगभरच्या अभ्यासकांना मोलाचं; चंद्रावरचे अनेक खड्डेही अशाच कातळात आहेत. पण लोणारचं वय सांगताना मला थांबावं लागलं. एका पद्धतीनं ते ५२ हजार वर्षांच्या आसपास निघतं. दुसऱ्या पद्धतीनं, खडकात साठलेल्या आर्गॉन वायूवरून, ५ लाख ७० हजार. म्हणजे जवळपास अकरापट फरक. "मग एक घड्याळ चुकतंय," ती म्हणाली. हो, आणि कुठलं, ते ठरवायलाच माणसं अजून तिथे दगड गोळा करताहेत. मला वाटतं, त्या दिवशी तिला मोजण्याच्या कामावर खरा विश्वास बसला तो या न जुळणाऱ्या आकड्यांमुळे.

संग्रहालयात या उल्केचा सर्वांत मोठा तुकडा ठेवला आहे, सहाशे किलोहून जड. हात लावायची मुभा आहे. असंख्य हातांनी तो गुळगुळीत झाला आहे आणि उन्हाळ्यातही गार लागतो. लेकीनं दोन्ही तळवे त्यावर टेकवले. "हे किती जुनं?"

इथे मला तिला एक जुनी गोष्ट सांगावी लागली, घटिकापात्राची. लग्नाचा मुहूर्त साधायला पूर्वी पाण्यावर तळाला बारीक भोक असलेली वाटी सोडत. पाणी ठरावीक गतीनं आत शिरे आणि वाटी बुडाली की घटका भरे. वाटी सुरुवातीला रिकामी होती आणि पाणी कुठल्या वेगानं शिरतं, हे ठाऊक असलं, की आतल्या पाण्यावरून किती वेळ गेला ते केव्हाही सांगता येतं. युरेनियमचं शिसं होतं, ते अगदी असंच. युरेनियमच्या मुख्य प्रकारातला निम्मा साठा शिसं व्हायला ४४७ कोटी वर्षं लागतात. ऊन, पाऊस, दाब, आग, कशानंही ही चाल बदलत नाही. दगडात किती युरेनियम उरलंय आणि किती शिसं झालंय, ते मोजायचं.

अडचण एवढीच, की पृथ्वी जन्मली तेव्हा तिच्या वाटीत थोडं शिसं आधीपासूनच होतं. ते किती, हे कळल्याशिवाय हिशेब सुटत नाही. ते उत्तर या लोखंडात होतं. या उल्केतल्या लोह-गंधकाच्या एका खनिजात युरेनियम जवळजवळ नसतंच. म्हणजे त्या वाटीत नंतर पाणी शिरलेलंच नाही. सूर्यमाला घडताना जे शिसं होतं ते तसंच्या तसं राहिलं. क्लेअर पॅटरसन या रसायनशास्त्रज्ञानं ते मोजलं, इतर उल्का आणि समुद्रतळाचा गाळ यांच्याशी ताडून पाहिलं, आणि १९५६ मध्ये पृथ्वीचं वय प्रसिद्ध केलं: ४५५ कोटी वर्षं. इतक्या वर्षांनंतरही तो आकडा जवळपास तसाच उभा आहे. त्यासाठीचे तुकडे याच खड्ड्याच्या परिसरातले होते.

गोष्ट इथे संपत नाही, आणि मला सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग. मोजताना पॅटरसनचे आकडे सारखे बिघडत. दगडात असायला हवं त्यापेक्षा कितीतरी जास्त शिसं दिसे. ते भांड्यांत होतं, धुळीत होतं, हवेत होतं, माणसाच्या केसांत होतं. त्यांनी प्रयोगशाळा कल्पनेपलीकडे स्वच्छ केली, प्रत्येक भांडं आम्लात उकळलं, तेव्हा कुठे मोजमाप जमलं. मग त्यांनी उलटा प्रश्न विचारला: एवढं शिसं आलं कुठून? महासागराच्या वरच्या थरातलं आणि खोल पाण्यातलं, ग्रीनलंडच्या जुन्या आणि नव्या बर्फातलं शिसं त्यांनी ताडून पाहिलं. बरंचसं बोट पेट्रोलकडे वळलं. १९२० च्या दशकापासून इंजिन ठोकू नये म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळत असत. पॅटरसन पुढची अनेक वर्षं त्याविरुद्ध बोलत राहिले. उद्योगाचा रोष पत्करून, मिळणारी मदत तोडून घेऊन. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसंयुक्त पेट्रोल १९९६ मध्ये पूर्ण बंद झालं, भारतात २००० मध्ये.

त्या संध्याकाळी विन्स्लोला पेट्रोल भरताना लेक माझ्याशेजारी उभी होती. पंपावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, अनलेडेड. शिसेविरहित. इतकी वर्षं मी तो शब्द रोज पाहत आले, वाचला कधीच नव्हता. पृथ्वीचं वय मोजायला बसलेल्या माणसानं वाटेत माझ्या लेकीच्या रक्तातलं शिसं कमी करून ठेवलं होतं.

पेट्रिफाइड फॉरेस्टला आम्ही दुपारभरच होतो, पण तिथल्या पत्रांविषयी सांगायला हवं. तिथे मैलोन् मैल झाडांचे ओंडके पडलेले आहेत, सगळे दगडाचे. एकवीस-बावीस कोटी वर्षांपूर्वी नद्यांच्या पुरात वाहून आलेली ही झाडं गाळाखाली दबली. गाळात ज्वालामुखीची राख होती. भूजलानं तिच्यातली सिलिका विरघळवून लाकडात नेली आणि पेशीपेशीत स्फटिक भरले. लोहानं तांबडा, पिवळा, जांभळा रंग दिला. ओंडके करवतीनं कापल्यासारखे सरळ तुटलेले आहेत, कारण आता ते लाकूड नाही, ठिसूळ गारगोटी आहे. लोक त्याचे तुकडे खिशात घालून नेतात आणि मग त्यातले काहीजण, कधीकधी अनेक वर्षांनी, ते पोस्टानं परत पाठवतात. सोबत माफीचं पत्र. कुणाला वाटतं, दगड नेल्यापासून घरात वाईटच घडलं. कुणाचं मन नुसतं खात असतं. उद्यानानं ती पत्रं जपून ठेवली आहेत. दगड मात्र मूळ जागी ठेवता येत नाहीत, कारण नेमका कुठून उचलला ते कुणाला माहीत नसतं, आणि जागा हरवलेल्या दगडाकडून अभ्यासकाला काही कळत नाही. ते एका बाजूला ढिगात टाकतात.

लेक ते वाचून गप्प झाली. गाडीत आल्यावर तिनं खळग्यातला काळा गोटा उचलला. "मी हा चोरला नाही ना?" मी म्हटलं, आजीनं दिलाय. तिनं वहीत लिहिलं: वाई, आजीचा बांध, आंब्याखाली, उजवीकडे.

पुढचा लांब पल्ला नवाहो भूमीतून उत्तरेला, कोलोरॅडोतल्या मेसा व्हर्डेपर्यंत. उंच पठार, पठाराच्या कड्यांत कपारी, आणि कपारींत दगडी घरं. आम्ही रेंजरबरोबर शिड्या उतरून-चढून क्लिफ पॅलेसमध्ये गेलो. दीडशेच्या आसपास खोल्या, वीसहून जास्त किवा. किवा म्हणजे जमिनीत खोदलेली गोल खोली. धूर छतातून बाहेर जातो, ताजी हवा बाजूच्या चिमणीवजा बोगद्यातून आत येते, आणि ती थेट शेकोटीवर पडू नये म्हणून मध्ये एक उभा दगड. आठशे वर्षांपूर्वीची ही वायुवीजनाची सोय पाहताना मला आमच्या आरव्हीतल्या छताच्या पंख्याची आठवण झाली.

कपारीच्या मागच्या भिंतीशी खडक ओलसर होता. पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी वरच्या वालुकाश्मातून हळूहळू झिरपत उतरतं. खाली चिकणमातीचा घट्ट थर लागला, की अडतं आणि आडवं वाहून कपारीत पाझरतं. हिवाळ्यात तेच पाणी गोठून दगड फोडतं. म्हणजे ज्या पाझरानं ही कपार कोरली, तोच पाझर घरात पाणी भरत होता. लेकीनं त्या ओल्या दगडाकडे बराच वेळ पाहिलं. "एवढ्यावर शंभर माणसं?" मका, घेवडा आणि भोपळा वरच्या पठारावर, निव्वळ पावसावर. कड्यात बोटं आणि पावलं रुतवण्यापुरत्या खाचा कोरलेल्या, त्यांतून ती माणसं शेतावर चढायची, लेकरं पाठीला बांधून.

क्लिफ पॅलेसचं बरंचसं बांधकाम ११९० ते १२८० या काळातलं. १२८५ च्या सुमारास वस्ती उठली होती. हे आकडे इतके नेमके, आणि इथल्या लोकांनी तर तारखा लिहून ठेवल्या नव्हत्या. मग कशावरून?

याचं उत्तर एका खगोलशास्त्रज्ञानं दिलं. अँड्र्यू डग्लस फ्लॅगस्टाफच्या लोवेल वेधशाळेत काम करायला आले होते. सूर्यावरच्या डागांचं अकरा वर्षांचं चक्र पृथ्वीच्या हवामानात उमटतं का, हे त्यांना पाहायचं होतं, पण हवामानाच्या जुन्या नोंदी कुठून आणणार? त्यांनी पाइनचे कापलेले बुंधे पाहिले. पावसाच्या वर्षी रुंद वर्तुळ, कोरड्या वर्षी बारीक. एका मुलखातल्या सगळ्या झाडांवर तीच रुंद-बारीक रेघांची ओळ उमटते. जिवंत झाडावरून मागे मोजत जायचं, त्याच्या आतल्या वर्तुळांशी जुन्या तुळईची बाहेरची वर्तुळं जुळवायची आणि आणखी मागे जायचं. अशी एक साखळी आजपासून चौदाव्या शतकापर्यंत पोचली. दुसरी, प्राचीन घरांच्या तुळयांची, जवळजवळ सहाशे वर्षांची तयार झाली. पण तिचं टोक पहिलीला कुठे अडकतं ते कळेना. घरं एकमेकांपेक्षा किती वर्षं जुनी हे सांगता येई, कुठल्या सालची हे येत नव्हतं.

२२ जून १९२९ रोजी अ‍ॅरिझोनातल्याच शो लो या गावी एका उत्खननात अर्धवट जळालेली तुळई मिळाली. ठिसूळ कोळसा, सुतळी गुंडाळून ती धरावी लागली. तिच्यावर क्रमांक घातला एचएच ३९. तिची आतली वर्तुळं १२३७ च्या आसपासची होती आणि बाहेरची १३८० ची. डग्लस यांनी त्या रात्रीच जुळवून पाहिलं. सांधा बसला, आणि एका तुळईमुळे कितीतरी उजाड घरांना एकदम साल मिळालं. बॅरिंजर यांचं लोखंड हिशेबात विरून गेलं तेही हेच साल, आणि हाच मुलूख. आज क्लिफ पॅलेसच्या तुळयांत पेन्सिलीएवढी भोकं दिसतात. वर्तुळांचे नमुने त्यांतून काढलेले.

त्या वर्तुळांतच वस्ती का उठली त्याचं एक कारणही आहे. १२७६ पासून १२९९ पर्यंत ती बारीक होत गेलेली आहेत. तेवीस वर्षांचा दुष्काळ. भांडणं, संपलेलं सरपण, उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकणारी माणसं, असं बरंच काही त्यात मिसळलं असणार. मी लेकीला सांगितलं, की याच वर्षांत आपल्याकडे ज्ञानेश्वर लहानाचे मोठे होत होते. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची. ती इंद्रायणीकाठची मुलं आणि ही कड्यांतली मुलं एकाच वयाची. तिनं हे मान हलवून ऐकलं, पण तिचं लक्ष वेगळ्याच गोष्टीत होतं. रेंजर म्हणाली होती, की ही माणसं नाहीशी झाली असं कृपा करून म्हणू नका. ती दक्षिणेला चालत गेली. होपी, झुनी, अ‍ॅकोमा आणि रिओ ग्रांदेकाठच्या गावांतले लोक त्यांचेच वंशज आहेत आणि आजही इथे पूर्वजांना भेटायला येतात.

रात्री तळावर पाण्याचा तिसरा दिवा विझला तेव्हा तिनं नेहमीसारखं जाहीर केलं नाही. येऊन हळूच म्हणाली, "आई, त्यांनी किती दिवस वाट बघितली असेल?"

मग ट्यूबा सिटी आणि तो हरवलेला-सापडलेला तास, आणि संध्याकाळी ग्रँड कॅन्यन. ४४६ किलोमीटर लांब, कुठेकुठे २९ किलोमीटर रुंद, दीड किलोमीटरहून अधिक खोल. पहिल्या दर्शनाचं वर्णन मी करणार नाही. आम्ही दोघी कठड्याशी उभ्या राहिलो आणि अंधार पडल्यावर गाडीत आलो, एवढंच.

दुसऱ्या दिवशी नकाशा उघडला आणि लेक ओरडली, "इथे विष्णू आहे!" खरंच आहे. दरीत सुटे उभे असलेले सुळके देवळांच्या शिखरांसारखे दिसतात. १८८० च्या सुमारास क्लॅरन्स डटन या भूवैज्ञानिकानं त्यांना पूर्वेकडच्या देवांची नावं दिली: विष्णू टेम्पल, शिव टेम्पल. ती प्रथा पुढे चालली, म्हणून नकाशावर ब्रह्मा आहे, राम आणि कृष्ण आहेत, मनू आहे, बुद्ध आहे. आणि दरीच्या तळाशी, नदीलगतचा काळपट खडक, त्याला भूवैज्ञानिक विष्णू शिस्टच म्हणतात. वय १७५ कोटी वर्षं. ज्या लोकांचं ही दरी खऱ्या अर्थानं घर आहे, त्या हावासुपाईंची आणि होपींची स्वतःची नावं या जागांना होतीच, हेही मी तिला सांगितलं.

दक्षिण कड्यावर एक पाऊलवाट आहे, ट्रेल ऑफ टाइम. तिथे एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. दर दहा मीटरवर पितळी खूण आणि तिच्यावर आकडा. कडेला दरीतल्या प्रत्येक थराचा दगड मांडलेला, हात लावता येईल असा. लेकीनं ठरवलं, की जुन्याकडून आजकडे चालायचं. आम्ही शटल बसनं लांबच्या टोकाला गेलो.

१८४० मीटरवर दरीतला सर्वांत जुना खडक. १७५० च्या आसपास विष्णू; हाताला खरखरीत, उन्हात चमचमणारा. "याची वाटी?" तिनं विचारलं. या खडकांसोबतच्या खडकांत झिरकॉनचे कण असतात, वाळूच्या कणाहून लहान. झिरकॉन घडताना युरेनियमला आत घेतो, शिशाला घेत नाही. म्हणजे ही वाटी खरोखर रिकामी सुरू झालेली. आत जे शिसं दिसेल ते सगळं नंतरचं. मोजणाऱ्याला याहून चांगलं घटिकापात्र निसर्गात मिळायचं नाही.

मग चालणंच चालणं. दरीच्या भिंतीत बहुतेक ठिकाणी विष्णूच्या वर थेट ५० कोटी वर्षांपूर्वीचा वालुकाश्म बसलेला आहे. मधली १२० कोटींहून जास्त वर्षं तिथे नाहीतच. डोंगर उभे राहिले, झिजून सपाट झाले, त्यावर समुद्र आला. १८६९ साली जॉन वेस्ली पॉवेल एका हातानं (दुसरा युद्धात गेलेला) चार होड्या आणि नऊ साथीदार घेऊन ही नदी उतरला, तेव्हाच त्यानं ही न जुळणारी रेघ टिपली होती. भिंतीत ती एक रेघ आहे. वाटेवर ती किलोमीटरभराहून जास्त आहे. पायांनी चालल्यावरच तिची लांबी कळली.

२७० मीटरवर सगळ्यात वरचा चुनखडक, ज्यावर आम्ही चालत होतो तोच: समुद्राच्या तळाचा, आता समुद्रसपाटीपासून २१०० मीटर उंच. पेट्रिफाइड फॉरेस्टची झाडं त्यापुढे, २१०-२२० च्या आसपास. मग लेकीचा वेग कमी झाला. ती आकडे मोजत होती. सत्तरच्या खुणेपासून चार मीटर पुढे जाऊन ती थांबली आणि खिशातून काळा गोटा काढला. ६६. सह्याद्रीचा बेसॉल्ट ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. भेगांतून लाव्हा उसळला, थरावर थर चढत गेले, आणि त्याच काळात जगातले डायनोसॉर संपले. तिनं गोटा वाटेवर ठेवला, क्षणभर पाहिला, आणि परत खिशात टाकला. इथे सोडायचा नाही, हे तिला सांगावं लागलं नाही.

शेवटचे पाच-सहा मीटर म्हणजे कोलोरॅडो नदीनं ही एवढी दरी कोरायला घेतलेला काळ. शेवटची ३० सेंटिमीटर आपण, माणसं. शेवटच्या पाच सेंटिमीटरवर ती उल्का आदळली. अजिंठ्याची जुनी लेणी दोन मिलिमीटरवर. क्लिफ पॅलेस एका मिलिमीटरच्याही आत.

"आणि आजी?"

आजी ऐंशी वर्षांची. मी हिशेब केला: मिलिमीटरचा बारावा-तेरावा भाग. एका केसाएवढी.

"कशावरून?"

आम्ही तळावर परतलो. तिनं माझा एक लांब केस मागून घेतला, पेनमधली रिफिल काढली आणि आरव्हीच्या टेबलावर बसून, शेजारी शेजारी, एकही फट न ठेवता केस तिच्यावर गुंडाळायला लागली. दोनदा सुटला. तिसऱ्यांदा पन्नास वेढे पुरे झाले. तिनं त्यावर पट्टी धरली, एक डोळा मिटून पाहिलं, वहीत चार मिलिमीटर लिहिलं, आणि पन्नासनं भागायला घेतलं.